सोळाशे वाक्यं

मंगळवार, २४ सप्टेंबर

चार दिवसांची रजा संपवून दवाखान्यात पाऊल टाकलं आणि काळजात धस्स झालं. सर्व्हरच्या खोलीतून टीं, टीं, टीं. डॉक्टर फ्राउके उल्फर्ट्स कॉफीचा कप घेऊन दाराशीच उभ्या होत्या. "ते ना, शुक्रवारपासून वाजतंय," म्हणाल्या. "आम्ही दार लावून घेतलं."

"मग मला फोन नाही केलात?"

"तू रजेवर होतास, रेन्को. रजेवरच्या माणसाला कसा त्रास द्यायचा?"

हे आमचं जर्मनीच्या कोपऱ्यातलं पूर्व फ्रीजलंड. घर पेटलं तरी शेजाऱ्याची झोपमोड नको!

पाचातली एक डिस्क बाहेर पडलीय. मेली की नाही माहीत नाही, पण कंट्रोलर कार्डाने तिचं नाव यादीतून काढलंय. वर कार्डाच्या स्वतःच्या बॅटरीचाही लाल दिवा. किती घाबरायचं, असं डॉक्टरांनी विचारलं. मी सांगितलं, की आपल्या सगळ्या नोंदी तुकडे करून पाच डिस्कवर ठेवलेल्या आहेत. एक गेली, तर उरलेल्या चौघी मिळून तिच्यावर काय होतं ते सांगू शकतात. दुसरी गेली, तर कुणीच काही सांगू शकत नाही. आणि कुठला तुकडा कुठे, ते फक्त त्या कार्डाला ठाऊक.

"त्यात हाब्बो साथॉफ आहे ना?" त्यांनी विचारलं.

आहे. म्हणूनच तर मला घाम फुटला होता. हाब्बो चाळीस वर्षं बैलांच्या लिलावात बोली पुकारत आला. घशात गाठ. नऊ ऑक्टोबरला त्याचं स्वरयंत्र काढणार, म्हणजे नऊपासून तो बोलणार नाही. उन्हाळाभर तो आमच्या बंद खोलीत बसून सोळाशे वाक्यं वाचून गेला. त्यावरून ओल्डेनबुर्गची प्रयोगशाळा त्याचा आवाज घडवणार. तो बटणं दाबेल आणि यंत्र त्याच्या आवाजात बोलेल. ती वाक्यं या पाच डिस्क सोडल्या तर जगात कुठेही नाहीत. ओल्डेनबुर्गला पाठवायच्या फॉर्मवर टामेनची सही बाकी आहे.

टामेन आमचा माहिती-सुरक्षा अधिकारी. पाठीच्या दुखण्यासाठी हार्त्सच्या डोंगरात तीन आठवडे चिखलात बसायला गेलाय. चौदा ऑक्टोबरला येईल. मार्चमध्ये त्यानेच आमची राखीव प्रतींची पेटी बंद करायला लावली, तिच्यातलं कुणालाही वाचता आलं असतं म्हणून. नव्या पेटीचा फॉर्मही त्याच्याच टेबलावर पडलाय.

डॉक्टर म्हणाल्या, "मग आजच एखाद्या साध्या डिस्कवर उतरवून घे ना सगळं. मी सही करते."

"तुमची सही चालत नाही."

खरंच चालत नाही. मी त्यांना कलम वाचून दाखवलं. रुग्णाचा आवाज ही रुग्णाची माहिती, ती टामेनच्या सहीशिवाय दुसऱ्या कुठल्याही वस्तूवर जाऊ शकत नाही. त्यांनी खांदे उडवले. नव्या कार्डाच्या खरेदीला मात्र त्यांची सही चालते, ती त्यांनी उभ्याउभ्या दिली. "भरवशाचं घे म्हणजे झालं."

भोंगा बंद केला. आता तो वाजत नाही याचीच धास्ती वाटतेय.

बुधवार, २५ सप्टेंबर

सुटी डिस्क कपाटात तयार आहे. मेलेलीच्या जागी ती घालायची आणि जुन्या कार्डाला सांगायचं, हिला भर. पण ते भरायचं म्हणजे उरलेल्या चारही डिस्क दिवसभर पिळून काढायच्या, तेही बॅटरी मेलेल्या कार्डाच्या जिवावर! विषाची परीक्षा कोण घेणार? आधी भरवशाचं कार्ड, मग डिस्क.

तीन कार्डं पाहिली. पहिल्याची बॅटरी दोन वर्षांत फुगते, असं ब्रेमेनच्या एका माणसाने लिहिलंय, फोटोसकट. दुसरं इतकं तापतं म्हणे की हात लावला तर फोड येतो. तिसऱ्याबद्दल शोधशोध शोधलं, एकही तक्रार नाही. दुपारभर खुशीत होतो. मग लक्षात आलं, तिसरं अजून कुणी विकतच घेतलेलं नाही.

शुक्रवार, २७ सप्टेंबर

साथॉफ नवराबायको शेवटच्या तपासणीला आले होते. गेशेबाईंनी ताटभर लोण्याचा केक आणला होता, सगळ्यांसाठी. हाब्बोचा आवाज सकाळी बरा असतो, तासभर चालतो, मग बसतो. तेवढ्या तासात गप्प बसेल तर शपथ.

"काय रे पोपिंगा! माझा आवाज नीट ठेवलायस ना? विकूबिकू नकोस हं. विकलास तर बोली मीच पुकारणार!" आणि लगेच कॉरिडॉरमध्ये उभा राहून त्याने स्वतःच्या आवाजाची बोली सुरू केली. थोडा घोगरा, थोडा फुटका, एक दात नाही पण चारा भरपूर खातो. नर्सा हसून हसून बेजार.

गेशेबाई मात्र मला बाजूला घेऊन हळूच म्हणाल्या, "पोपिंगासाहेब, खरं सांगा. ते नीट राहील ना? मी काल स्वप्नात पाहिलं, डबा उघडला आणि आत काहीच नाही."

मी म्हणालो, "पाच डिस्कवर आहे, बाई."

"पाच! एक नाही, दोन नाही, पाच ठिकाणी! बघा, आणि मी वेडी काळजी करत बसले." त्यांनी माझा हात दाबला. "आज झोप लागेल मला."

मी काही खोटं बोललो नाही. पाच डिस्कवर आहे हे खरंच आहे. केक घशाखाली उतरेना, तो भाग वेगळा.

सोमवार, ३० सप्टेंबर

कार्डांचा तक्ता केला. एक्केचाळीस ओळी झाल्या. बॅटरी, उष्णता, जुन्या डिस्क ओळखतं की नाही, कंपनी बुडायची शक्यता, तक्रारींची संख्या, तक्रारी करणाऱ्यांची अक्कल. शनिवार-रविवार त्यातच गेले. एकदा पहिलं पुढे, एकदा दुसरं पुढे. शुद्धलेखन धड न येणाऱ्या माणसाची तक्रार अर्धी धरावी की पूर्ण, यावर अर्धा तास घालवला.

डॉक्टरांनी जाताजाता विचारलं, "आलं का कार्ड?"

"उद्या ठरवतो."

"अजून ठरवतोच आहेस?" मग थांबून म्हणाल्या, "रेन्को, चुकीचं निवडलंस तरी मी तुला ओरडणार नाही."

त्यांना काय जातंय म्हणायला. चुकलं तर बोट माझ्याकडेच दाखवणार ना सगळे? निदान निवड इतकी पक्की हवी की कागद पुढे केला की तोंडं बंद.

संध्याकाळी निघताना पाहिलं, दुसऱ्या एका डिस्कचा दिवा पिवळा झालाय. म्हणजे तीही कुरकुरायला लागली. माझी पाचावर धारण बसली. आता नव्या कार्डाची वाट पाहण्यात अर्थ नाही. उद्या सकाळी सुटी डिस्क घालतोच.

मंगळवार, १ ऑक्टोबर

अरे देवा. हे मी काय करून बसलो!

पडद्यावर कार्डाने लिहिलं होतं, डिस्क ३ मृत. डिस्कच्या खणांवर मी चार वर्षांपूर्वी स्वतःच्या हाताने चिठ्ठ्या चिकटवल्यात, एक ते पाच, सुवाच्य अक्षरात. मी तीनची चिठ्ठी पाहिली, दांडी ओढली, डिस्क बाहेर काढली. ती गरम होती. मेलेली डिस्क गरम कशी असेल, हे माझ्या डोक्यात आलं तोवर पडद्यावरचे सगळे दिवे लाल झाले होते.

कार्ड शून्यापासून मोजतं. शून्य, एक, दोन, तीन. त्याची तीन म्हणजे माझी चार. मी जिवंत डिस्क उपटली. एक आधीच मेलेली, एक मी काढलेली, दोन गेल्या.

घाईघाईने परत खुपसली. काही नाही. मशीन बंद करून चालू केलं, तर कार्डानेच मान टाकली. पडद्यावर त्याचं नावही येईना. चारदा केलं, आठदा केलं.

दारावर पाटी लावली, "देखभाल सुरू आहे". डॉक्टर दोनला आल्या, त्यांना म्हणालो, "चाललंय." त्या म्हणाल्या, "शाब्बास." घरी आलो आणि कोटासकट संडासात जाऊन बसलो.

बुधवार, २ ऑक्टोबर

सकाळपासून माहिती उकरतोय. कळलं ते असं. तुकड्यांची मांडणी डिस्कवरही नोंदलेली असते, पण ती त्याच जातीच्या, त्याच पिढीच्या कार्डालाच नीट वाचता येते. माझ्या एक्केचाळीस ओळींच्या तक्त्यातलं एकही कार्ड उपयोगाचं नाही! मला हवंय जुनंच कार्ड, जे कंपनीने पाच वर्षांपूर्वी बनवायचं बंद केलं.

सीमेपलीकडे हॉलंडात विन्स्खोटनला येल्टये वीर्स्मा म्हणून एक बाई जुनी यंत्रं सोडवून भाग विकते. फोन लावला. मागे कुत्रं भुंकत होतं.

मी विचारलं, "हे कार्ड भरवशाचं आहे का?"

"तुमचं कशाने गेलं?"

सांगितलं. शून्याचं सांगितलं नाही.

"बरं. प्रती किती आहेत तुमच्याकडे?"

मी फोन दुसऱ्या कानाला लावला.

"अहो, ऐकू आलं का? डिस्क सोडून दुसरीकडे किती प्रती?"

"एकही नाही."

पलीकडे कुत्रंसुद्धा गप्प झालं. मग ती म्हणाली, "मग तुम्हाला कार्ड नकोय, बाबा. तुम्हाला देव हवाय. तो माझ्याकडे विकायला नाही. कार्डं आहेत, दोन. दोन्ही पाठवते."

"दोन कशाला?"

"एक तुम्ही घाबरून मोडाल म्हणून. आणि एक ऐका. मला रोज फोन येतात, कुठलं कार्ड भरवशाचं, कुठलं कार्ड भरवशाचं. असं विचारणाऱ्याकडे प्रत कधीच नसते. ज्याच्याकडे तीन प्रती असतात, तो कुठलंही कार्ड घेतो आणि निवांत जेवतो."

खडूस बाई. पण उद्या आमच्याकडे राष्ट्रीय सुट्टी, परवा कुणी काम करत नाही, मग शनिवार-रविवार. मंगळवारी पोचेल म्हणाली. ऑपरेशन बुधवारी. पत्ता घरचा दिला, म्हणजे दवाखान्यात कुणी विचारायला नको. मंगळवारी आलं, लावलं, चाललं, तर कुणाला काही कळायचं कारणच नाही.

शनिवार, ५ ऑक्टोबर

पाव आणायला बाजारात गेलो, आणि हेरिंगच्या गाडीपाशी हाब्बो! भावावरून हुज्जत घालत होता. "हा मासा आहे का मोजा? इतका बारीक मासा आणि इतका मोठा भाव!" विकणारा हसतोय, रांग हसतेय, हाब्बोचा आवाज पार चर्चपर्यंत. घोगरा, पण आहे. आहे अजून.

मी चीजच्या दुकानामागे सरकलो. चीजवालीने दोनदा विचारलं काय देऊ, तिसऱ्यांदा मी नको असलेलं बकरीचं चीज घेतलं. तिथून मी त्याला पंचवीस मिनिटं बोलताना ऐकलं. त्याच्या तोंडून जाणारा एकेक शब्द मी मोजत होतो. जाऊन सांगावं का? पण काय सांगायचं? कार्ड मंगळवारी येतंय. मंगळवारी सगळं सुरळीत झालं, तर या माणसाला ऑपरेशनच्या तोंडावर उगाच घाबरवल्याचं पाप. त्याचं भलं म्हणूनच मी गप्प राहिलो, असं म्हणता येईल.

तो माशांची पिशवी घेऊन गेला. जाताना हेरिंगवाल्याला म्हणाला, "बोलून घेतो रे, नऊनंतर तू म्हणशील तो भाव."

सोमवार, ७ ऑक्टोबर

अकराला फोन. गेशेबाई.

"पोपिंगासाहेब, हाब्बो विचारतोय, अजून काही वाक्यं हवी आहेत का म्हणून? आज त्याचा घसा बरा आहे. उद्या संध्याकाळी आम्हाला इस्पितळात जायचंय, पण आज पूर्ण दिवस आहे. म्हणतो, मी जाऊन वाचून येतो, पोपिंगाला उपाशी ठेवायला नको."

हो म्हणायचं होतं. नुसतं हो. या, म्हणायचं होतं. पण हो म्हटलं की का ते विचारणार. सोळाशे झालीत ना, मग अजून कशाला? आणि मग माझ्या तोंडून ते बाहेर पडणार.

"नाही नाही, बाई," मी म्हणालो. "सगळं आहे. आराम करू द्या त्यांना."

"नक्की?"

"नक्की."

"बरं झालं. मग त्याला म्हणते, आता उरलेलं माझ्याशी बोल."

जेवलो नाही. चिठ्ठ्या उपटल्या, नव्या लावल्या, शून्य ते चार. आता काय उपयोग?

मंगळवार, ८ ऑक्टोबर

सगळं क्रमाने लिहितो, नाहीतर डोकं फुटेल.

रजा घेऊन सकाळपासून खिडकीत बसलो होतो. सव्वाअकराला पाच मिनिटं आत गेलो, तेवढ्यात पार्सलवाला येऊन गेला. दारावर चिठ्ठी: "पार्सल शेजारी बुसबाईंकडे दिलं आहे." बुसबाईंची घंटा वाजवली. वाजवली, वाजवली. समोरच्या घरातून कुणीतरी ओरडून सांगितलं, त्या आत्ताच मुलीकडे एम्डेनला गेल्या, उद्या दुपारी येतील. काचेतून मला ते पार्सल दिसत होतं, त्यांच्या छत्र्यांशेजारी, चपलांच्या फळीवर. दवाखान्याचा पत्ता दिला असता तर टेबलावर असतं!

तिथेच पायरीवर दीड वाजेपर्यंत बसून राहिलो आणि मग मला एकदम रडू आलं. सत्तेचाळीस वर्षांचा घोडा, पायरीवर बसून रडतोय. मग दवाखान्यातून रेकॉर्ड करायचं छोटं यंत्र आणि वाक्यांची छापील यादी उचलली, डॉक्टरांना काही न सांगता, आणि गाडी साथॉफांच्या शेतघराकडे वळवली.

तीन वाजले होते. गेशेबाईंनी चांगला निळा ड्रेस घातला होता. टेबलावर दोघांसाठीच मांडलं होतं, चहाची चांगली भांडी, मेणबत्ती. मला पाहून जरा थबकल्या, पण आमच्याकडे आलेल्या माणसाला चहा मिळतोच. तिसरा कप आणला. खडीसाखर टाकली, चहा ओतला, साय सोडली. "मुलांना सांगितलंय, आज येऊ नका म्हणून," त्या म्हणाल्या. "काही राहिलं का, पोपिंगासाहेब?"

मी उभ्याउभ्याच सांगितलं. भोंगा, डिस्क, शून्य, कार्ड, छत्र्यांशेजारचं पार्सल.

हाब्बो ऐकत होता. मग म्हणाला, "किती गेलं?"

"सगळं. म्हणजे, कदाचित येईलही परत, पण..."

"आकडा सांग. मी लिलाववाला माणूस आहे."

"सोळाशे वाक्यं."

"हे तुला कधीपासून ठाऊक आहे?"

"गेल्या मंगळवारपासून."

तो माझ्याकडे बघत राहिला. रागाने नाही, आणि तेच सोसवेना. "म्हणजे आठ दिवस माझ्याकडे आवाज होता," तो म्हणाला, "आणि तुझ्याकडे तोंड नव्हतं."

गेशेबाई म्हणाल्या, "काल मी तुम्हाला विचारलं होतं. फोन करून विचारलं होतं."

"हो."

"सहाला निघायचंय आम्हाला," त्या नवऱ्याला म्हणाल्या. "तुझा घसा किती चालेल?"

"आज? तासभर, फार तर."

त्यांनी टेबलाकडे पाहिलं. मेणबत्तीकडे पाहिलं. मग उठून मेणबत्ती विझवली, कप बाजूला केले आणि मला म्हणाल्या, "काढा ते यंत्र. लवकर."

खोलीत आवाज नको होता. त्यांनी भिंतीवरच्या घड्याळाचा लोलक हाताने धरून थांबवला, फ्रिजची वायर काढली, कोंबड्यांना मागे हाकललं आणि स्वयंपाकघराच्या कोपऱ्यात स्टुलावर जाऊन बसल्या. हाब्बो वाचायला लागला. "शेजाऱ्याने कुंपणाला हिरवा रंग दिला." "तिकीटघर उद्या बारा वाजता उघडेल." "मावशीला आंबट सफरचंद आवडत नाही." मी बोट वर केलं की पुढचं वाक्य. साठाव्या वाक्यानंतर आवाज चिरायला लागला. शंभरावर तो थांबला, पाणी प्यायला, पुन्हा वाचू लागला. मला वाटत होतं प्रयोगशाळेला निदान तीनशे हवीत, तीनशे झालीच पाहिजेत, चल, चल. एकशे त्रेचाळिसाव्याला "रेल्वे" म्हणायचं होतं, आणि नुसती हवा आली. पुन्हा प्रयत्न केला. हवाच.

पाऊण तास झाला होता. मी म्हणालो, "एकशे बेचाळीस! यावरूनही कसाबसा होईल, मला वाटतं होईल!" खरंच हायसं वाटलं मला.

हाब्बो गेशेबाईंकडे वळला. त्यांचा हात धरला आणि काहीतरी म्हणाला, बराच वेळ ओठ हलत होते, पण काही ऐकू आलं नाही. त्या म्हणाल्या, "असू दे. असू दे रे."

मी यंत्र गोळा करून निघालो. घरी येऊन ती एकशे बेचाळीस तीन वेगवेगळ्या डिस्कवर उतरवली. टामेनला विचारलं नाही. दोन मिनिटंही लागली नाहीत.

बुधवार, ९ ऑक्टोबर

ऑपरेशन झालं. जिवाला धोका नाही, असं डॉक्टरांना कळलं. मी त्यांना सगळं सांगितलं. त्या म्हणाल्या, "मी तुला म्हटलं होतं ना, ओरडणार नाही म्हणून? आता मला ते पाळणं जड जातंय."

पार्सल चारला मिळालं. आज हात लावत नाही. घाबरून मोडायचो.

गुरुवार, १० ऑक्टोबर

कार्ड बसवलं. येल्टयेला फोनवर धरून ठेवलं होतं. मशीन चालू केलं, पंखे घरघरले, आणि पडद्यावर आलं: बाहेरून आलेली मांडणी आढळली. स्वीकारायची की पुसायची? स्वीकारायला एक अक्षर, पुसायला दुसरं, दोन्ही बोटभर अंतरावर. डोळ्यांपुढे दोन्ही अक्षरं नाचायला लागली.

"कुठलं अक्षर दाबताय ते आधी मोठ्याने म्हणा," येल्टये म्हणाली.

म्हटलं.

"आता उजवा हात खिशात घाला. डाव्या हाताच्या एकाच बोटाने दाबा. डोळे उघडे ठेवून."

दाबलं. एक डिस्क उठली. दुसरी. मी चुकून उपटलेली तिसरीही उठली. चौथी, ती पिवळी, सगळ्यात शेवटी. आणि यादी उमटली. साथॉफ, वाक्य एक, वाक्य दोन... खाली, खाली, खाली. सोळाशे. मी ओरडलोच.

"ओरडू नका," येल्टये म्हणाली. "प्रत काढा."

काढली. साध्या डिस्कवर, फॉर्मशिवाय. मग आणखी एक, मग आणखी एक. सगळं मिळून अकरा मिनिटं लागली. अकरा मिनिटं! चोवीस सप्टेंबरला डॉक्टर म्हणाल्या तेव्हाच काढली असती तर... नको. टामेन येईल तेव्हा त्याला सांगेन, काय करायचं ते कर.

वाक्य एक लावून ऐकलं. ऑगस्टमधला हाब्बो, खणखणीत, थोडा हसत. "शेजाऱ्याने कुंपणाला हिरवा रंग दिला."

शनिवार, १२ ऑक्टोबर

कधी एकदा सांगतो असं झालं होतं. फोन न करताच गेलो. गेशेबाई इस्पितळातून नुकत्याच आल्या होत्या, कोट अंगावरच होता. हाब्बो बरा आहे, पाटीवर लिहून नर्सांशी भांडतो म्हणाल्या. चहा केला. मी कपाला हातही लावला नाही, आधी सांगितलं.

"सगळं मिळालं! सोळाशेच्या सोळाशे! एकही वाक्य गेलं नाही. ओल्डेनबुर्गला कालच पाठवलं, सहीची वाट न पाहता. तुम्हाला वाटलं नव्हतं ना? मलाही नव्हतं वाटलं. नाताळपर्यंत ते बोलतील, बाई, त्यांच्या खऱ्या आवाजात, अगदी पूर्वीसारखे!"

"चांगलं झालं," त्या म्हणाल्या. खरंच चांगलं वाटल्यासारखं म्हणाल्या. चहात चमचा फिरवला. "म्हणजे ते कुठे गेलंच नव्हतं."

"नाही! तिथेच होतं सगळं. फक्त वाचता येत नव्हतं."

"आणि ती एकशे बेचाळीस?"

"ती आता लागणार नाहीत," मी म्हणालो. "घोगरी आहेत ना. प्रयोगशाळा म्हणाली, नकोत."

त्यांनी मान हलवली. चमचा बशीत ठेवला. आणि मला पहिल्यांदाच नावाने हाक मारली.

"मग मंगळवारचा तो पाऊण तास माझा होता, रेन्को."

"हो," मी म्हणालो.